धुपीचा अख्खा कान

प्रिय ठकू,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा पाकिटाच्या कडा ओल्या असतील. घाबरू नकोस, मी रडलेलो नाही. म्हणजे तेवढा नाही. इथल्या कुत्र्यांच्या रक्ताचे नमुने बर्फाच्या पेटीत घालून तुमच्या मोठ्या दवाखान्यात तपासणीला जातात ना, त्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती हे देतोय. पेटीवरच ठेवतो म्हणाला. तो आत्ता समोर डबा खात बसलाय आणि मधूनमधून माझ्याकडे बघून म्हणतो, "आजोबा, आटपा. बर्फ काय तुमच्यासाठी थांबायचा नाही." तू नेहमी म्हणतेस, बाबा, प्रस्तावना नको, मुद्दा सांगा. तर मुद्दा असा, की आपल्या धुपीला पालिकेच्या गाडीनं उचललं. ती इथं निवाऱ्यात आहे, मागच्या रांगेत, कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात. मी बाहेरच्या बाकावर. उद्या सकाळी तिचं पोट उघडणार आहेत, पिल्लं होऊ नयेत म्हणून. जे तू कधीचंच काढून टाकलंस, ते शोधायला. आणि इथल्या डॉक्टरनं तिच्या छातीला नळी लावून स्वतःच मला सांगितलं, की हिचं हृदय थकलंय, भूल सोसेलच असं नाही.

परवा मी डोळे दाखवायला गेलो होतो. डोळ्यांत थेंब घातले की सगळं जग पुसट होतं, म्हणून भिंतीला हात लावत लावत गल्लीत शिरलो. माझी चाहूल लागली की धुपी फाटकाशी येते आणि तिची शेपटी माझ्या काठीवर टपटप आपटते, असा आमचा शिरस्ता. काठीवर काही आपटलं नाही. मला वाटलं, औषधामुळे दिसत नसेल. बघ, म्हातारपणी माणूस आवाजसुद्धा डोळ्यांनी शोधायला लागतो. तिची पाण्याची वाटी पायाला लागली, ती पालथी. तेव्हा कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला, "आजोबा, तुमची म्हातारी गेली की गाडीतनं. बाकीच्यांना जाळं टाकून धरावं लागलं, ही मात्र आपली आपण चढून बसली. ऐटीत! मला वाटलं, तुम्हीच पाठवलीत." ती का चढली ते तुला सांगायला नको, ठकू. तिच्या लेखी पालिकेच्या त्या पिवळ्या गाडीतून तू उतरतेस. पिल्लू होती तेव्हापासून ती गाडी म्हणजे तू, तुझ्या हातांना येणारा औषधाचा वास आणि तुझ्या खिशातलं चुरा झालेलं बिस्कीट. इतक्या वर्षांनी ती गाडी दाराशी आली, मागचं झाकण उघडलं, आणि ती तुला भेटायला आत गेली.

तिचं नाव कसं पडलं ते आठवतंय का? माझा जन्म शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुण्यात गेला, पण भिंतीपलीकडे भाषेचा वर्ग होता, त्यामुळे हाताला सोडा आणि कानाला कविता. तू ते पिल्लू एप्रनमध्ये गुंडाळून आणलंस तेव्हा तुझी आई म्हणाली होती, घरात माणसं मावेनात आणि हे काय. तिच्याच हुकुमावरून मी त्याला पिशवीत घालून बाजाराच्या पलीकडे सोडायला गेलो. मी भाजी घेऊन परत येतो तर हे माझ्या आधी पायरीवर. दुसऱ्या दिवशी नदीपाशी नेलं, पुन्हा तेच. मी म्हटलं, अगं, ही तर प्रत्येक कडव्यानंतर परत येणारी ओळ आहे, हिचं नाव ध्रुवपद. तुझी आई कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, हाक मारायचीय तिला, वृत्त शिकवायचं नाहीये." आणि तिनंच त्याचं धुपी केलं. ज्या बाईनं तिला दोनदा घालवलं, तीच पुढं दूध-भात कालवताना पहिला घास बोटानं चाखून बघायची, गरम तर नाही ना म्हणून. मला मात्र उभ्या आयुष्यात चटके बसले.

ड्रायव्हरनं डब्याचा दुसरा कप्पा उघडला. अजून थोडा वेळ आहे.

तू दुसरी-तिसरीत असशील, तेव्हा कुत्र्यांसाठी निवारा नव्हता, डॉक्टर नव्हते, लशी नव्हत्या. हातगाडी यायची, तारेचा फास असायचा, आणि कधी कधी तेवढेही कष्ट नकोत म्हणून विषाचे गोळे. शाळेत निघालीस आणि बेकरीच्या पायरीवरचा तो तांबडा कुत्रा तुला आडवा पडलेला दिसला. तू माझं बोट सोडून गाडीचं चाक धरून उभी राहिलीस. गाडीवाला म्हणाला, बाळ, सोड, माझी नोकरी आहे. तू म्हणालीस, मग दुसरी कर. लोक हसले. मी हसलो नाही, मी घाबरलो होतो, ही पोर पुढं काय काय धरून बसणार आहे म्हणून. आणि धरलंसच, पालिकेत कुत्र्यांची डॉक्टर होऊन. पकडायचा, ऑपरेशन करायचं, लस टोचायची, दोन्ही झाल्याची खूण म्हणून कानाला खाच पाडायची आणि जिथून उचलला तिथंच परत सोडायचा. आता गाडी आली तरी गल्ली रडत नाही, कारण गेलेला परत येतो हे लोकांना ठाऊक झालंय. आपल्या इमारतीच्या सेक्रेटरींचं सोड. ते मला जिन्यात गाठून म्हणतात, "आजोबा, कुत्र्यांना कविता आणि आम्हाला भुंकणं, बरी वाटणी केलीत!" पण त्यांच्याच नातवाला खालच्या कुत्र्याचा दात लागला तेव्हा त्यांनी आधी काय पाहिलं? कुत्र्याचा कान. खाच दिसली, म्हणजे लस झालेली, तेव्हा कुठं बिचाऱ्यांच्या जिवात जीव आला. इंजेक्शनं घ्यावी लागली ती लागलीच, पण त्या रात्री त्या घरातली माणसं झोपली ती तुझ्या कात्रीच्या भरवशावर.

आणि त्याच कात्रीपाशी येऊन आपलं घोडं अडलंय.

इथला डॉक्टर तुझ्याच हाताखाली शिकलेला आहे. जाड चष्मा, बोलताना मान एका बाजूला. चांगला आहे पोरगा. मला पाणी आणून दिलं, धुपीखाली पोतं घालायला सांगितलं. मी त्याला म्हटलं, हिचं ऑपरेशन झालंय हो, फार पूर्वी. तर हसून म्हणाला, "आजोबा, इथं येणारा प्रत्येक जण हेच सांगतो. आमच्या मॅडम सांगायच्या, कान बघा, माणसांचं ऐकू नका. माणसं पिल्लं विकायची म्हणून खोटं बोलतात, कुत्रा सुटावा म्हणून खोटं बोलतात, आणि सगळ्यात जास्त खोटं मायेपोटी बोलतात." असं म्हणाला आणि वर मलाच समजावलं, की मॅडम फार मोठी बाई, तुम्हाला भेटल्या असत्या तर पटलं असतं. मॅडमला पाढे येत नव्हते तेव्हापासून मी तिला भेटतोय! पण त्याला ठाऊक नाही मी कोण ते.

मी म्हटलं, वय झालंय तिचं, आता कसली पिल्लं. तर म्हणाला, कुत्र्यांमध्ये म्हातारपणीही होतात, आणि तशा बाळंतपणात आईच दगावते. ते खरं आहे, तूही सांगायचीस. म्हटलं, मी घरात ठेवतो, बाहेर सोडत नाही. म्हणाला, कुणाला द्यायची तरी आधी ऑपरेशन, नाहीतर कायमची पिंजऱ्यात. तेही तुझंच वाक्य. शेवटी माझ्या समाधानासाठी त्यानं तिच्या पोटावरचे केस काढले आणि दिव्याखाली जुना व्रण शोधला. बोटानं चाचपलं, कातडी ताणून पाहिली. व्रण नाही. आत बघायचं यंत्र इथलं बंद पडलंय. ठकू, व्रण दिसणार कसा? तुझ्या आईनं तुला फ्रॉकचे काठ शिवायला बसवलं होतं, टाका दिसला की उसवायला लावायची, आठवतं? "टाका दिसला तर तो टाका कसला?" तू रडत रडत पुन्हा शिवायचीस. आज तिथं एखाद्या अडाण्यानं घातलेला ओबडधोबड टाका असता, तर माझी धुपी आत्ता माझ्या पायाशी असती.

आता कानाबद्दल. हे मी इतका वेळ टाळतोय, तुलाही कळलं असेल. ऑपरेशनच्या वेळी खाच पाडायची तू राहू दिलीस, कारण तुझी आई म्हणाली, घरचीच तर आहे, कशाला तिचा गोड कान विद्रूप करतेस. तेव्हा तू नवी होतीस, नियमही एवढा कडक नव्हता. मग ती संध्याकाळ आली. तू दवाखान्यातून आलीस आणि चपलासुद्धा न काढता स्वयंपाकघरात खाली बसलीस. कुणीतरी एका कुत्रीचं ऑपरेशन करून खूण न करताच सोडून दिलं होतं. ती तुझ्या टेबलावर आली, तू उघडलंस, आत काढायला काही नव्हतंच, आणि ती परत उठली नाही. तू म्हणालीस, मी रिकाम्या पोटासाठी जीव घेतला. त्यातूनच तुझा तो नियम निघाला, खूण नसलेला एकही कुत्रा बाहेर जाणार नाही. आणि दुसऱ्याच दिवशी तू धुपीसाठी कात्री आणि बधिर करायचं औषध घेऊन आलीस.

तेव्हा तुझ्या आईच्या दोन शस्त्रक्रिया होऊन गेल्या होत्या. डोक्याला रुमाल बांधून ती खिडकीशी बसली होती आणि धुपीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिनं कात्री पाहिली आणि धुपीच्या कानावर हात ठेवला. मोठ्यानं बोलायची ताकद नव्हती. म्हणाली, "माझं बघतेस ना किती काय काय कापून काढलं. हिचं तरी एक काहीतरी अख्खं राहू दे." तू कात्री खिशात ठेवलीस आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडलास. खूप वेळ सोडलास. त्यानंतर त्या कानाबद्दल आपण कुणीच बोललो नाही. आई गेल्यावर तर नाहीच. तुझी बदली झाली, मोठ्या हुद्द्यावर गेलीस, गावोगावच्या डॉक्टरांना शिकवायला लागलीस, आणि धुपी तो कान घेऊन गल्लीत फिरत राहिली. सगळ्या शहरात तुझ्या हातून गेलेला तेवढा एक अख्खा कान.

फोन का केला नाही म्हणशील. केला. तुझ्या मदतनीस बाईंनी उचलला. मॅडम ऑपरेशनमध्ये आहेत, काय निरोप देऊ? मी म्हटलं, काही नाही, सहज. पुन्हा केला, पुन्हा सहज. नंतर त्या म्हणाल्या, "काका, तुमचं सहज फार वेळा व्हायला लागलंय, सगळं ठीक आहे ना?" ठीक कसलं! पण त्यांना कसं सांगू? तुझ्यावर चौकशी बसलीय हे मला पेपरात वाचून कळलं, तू सांगितलं नाहीस. ऑपरेशनं नुसती कागदावर होतात, सगळे कुत्रे उचलून गावाबाहेरच्या कुंपणात नेऊन टाका, असं म्हणणारे तुझ्यासमोर बसतात, आणि तू त्यांना एवढंच म्हणतेस, रस्त्यावर चला, कान मोजा. अशा वेळी मॅडमच्या स्वतःच्या दारची कुत्रीच बिनखुणेची निघाली, हे त्यांच्या हाती लागलं तर? कुंपणाआडच्या कुत्र्यांचं काय होतं ते आपण दोघांनी पाहिलंय. म्हणून "माझ्या मुलीनंच केलंय हो ऑपरेशन" हे वाक्य माझ्या ओठावर कितीदा आलं आणि मी गिळलं. एका तागडीत धुपी आणि दुसऱ्या तागडीत अख्ख्या शहराची कुत्री. आणि तागडी धरायला मी एकटा. मला नाही पेलत, ठकू.

मघाशी तिच्याकडे जाऊन आलो. पिंजरे धुणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजोबा, त्या बाकावर तुम्हाला मुळं फुटतील, जा जरा भेटून या." सगळी भुंकत होती, ही गप्प. खोकते मधूनच. सकाळपासून तिला खायला देत नाहीयेत, उद्यासाठी पोट रिकामं हवं म्हणून, आणि तिला वाटतंय माझंच काहीतरी चुकलंय, मी वाटी आणायला विसरलोय. गजांतून बोट घातलं तर चाटलं. दुसरं काय देणार, म्हणून मी आपली ती पुस्तकातली कविता म्हटली, तिला दूध-भात घालताना म्हणतो ती:

दार उघडे ठेवा कोणी,
दूरचा येईल घरी;
पाय त्याचे थकले असतील,
दिवा असो उंबऱ्यावरी.

पहिल्या ओळीलाच तिनं कान टवकारले. दोन्ही. त्या मळक्या पिंजऱ्यात ते दोन अख्खे कान इतके सुंदर दिसत होते, आणि मला इतका राग आला त्यांचा, की पुढचं कडवं आठवेना. पाठ असलेली कविता, लहानपणापासूनची, आणि आठवेना.

ड्रायव्हरनं डबा धुतला, किल्ली शोधतोय. आता मुद्दा, खरा मुद्दा. हे पत्र मी तुझ्याकडे ऑपरेशनच्या दाखल्यावर सही मागायला लिहिलेलं नाही, आणि कुणाला गुपचूप फोन करून आपली कुत्री सोडवून घे, असं तर मुळीच म्हणत नाही. तू ये. आज रात्रीची गाडी धर आणि सकाळी त्या पोराच्या टेबलापाशी उभी राहा. त्याला सांग, की हिचं ऑपरेशन मी केलंय, आणि खूण मी राहू दिली, मायेपोटी. ते ऐकून त्याचा तुझ्यावरचा विश्वास उडेल की दुणावेल, ते चौकशीवाले काय करतील, मला माहीत नाही. मला फक्त एवढं माहीत आहे, की तू रिकाम्या पोटासाठी एकदा जीव घेतलास आणि तो तुला अजून पुरलाय. दुसरा तुझ्या नियमाच्या नावावर जाऊ देऊ नकोस. आणि मग, बाळ, कात्री घे आणि तो कान काप. कानापुरतं बधिर केलं तर हृदयाला धक्का नाही, असं तूच त्या दिवशी आईला सांगत होतीस. तुझी कात्री अडेल, मला ठाऊक आहे, कारण त्या कानावर तुला अजून तिचा हात दिसत असणार. म्हणून तिथं मी असेन. मी कान झाकणार नाही, धुपीला धरून ठेवीन. वर गेल्यावर तुझ्या आईनं विचारलं, तर सांगेन की कापायला मीच लावलं. रागावेल माझ्यावर. रागावू दे. तिचा रागवलेला आवाज ऐकून किती वर्षं झाली.

हॉर्न वाजला. ये.

बाकावर वाट बघणारा, तुझाच
बाबा